ईराच्या आईचे पाळणे

९ डिसेंबर २०२५

ईरा झोपत नाही. आज मंगळवार आहे म्हणून नव्हे, ती सोमवारीही झोपत नव्हती. सव्वातीन महिन्यांचा जीव, पण दुपारी एक वाजला की सगळं महाड शटर ओढून आडवं होतं आणि ही तेवढी जागी. मला येत होते ते पाळणे संपले. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, देवांचे पाळणे म्हणतात. ते ऐकून ही आणखी ताजीतवानी होते आणि पाय झाडते. शेवटी आज मी वैतागून तोंडाला येईल ते म्हणायला लागले :

निजलं महाड, निजला बाजार,
निजला वेशीतला कुत्र्यांचा दरबार;
एकटी ईराबाई डोळे टक्क,
आईच्या डोळ्यांना झोपेचा हक्क!

आणि बाईसाहेब झोपल्या की! तिला खाली ठेवायची हिंमत होईना, म्हणून मी मांडीवर घेऊन तशीच बसले. जरा वेळाने लक्षात आलं की मी हसते आहे. बाळंतपणानंतर कितीतरी दुपारी मी नुसती रडत बसायचे. का, ते विचारलं तर सांगता यायचं नाही. कॉलेजात मराठी शिकवत होते, ते सुटलं. आता मला अनुपमा अशी हाकच कुणी मारत नाही. दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांची मी ईराची आई. परवा आमोद फोनवर कुणाला तरी म्हणाला, "थांबा, ईराच्या आईला विचारून सांगतो." नवरा आहे की शेजारी?

तर हे कडवं ईराच्या आईने केलंय की अनुपमाने, मला माहीत नाही. पण छान वाटलं. म्हणून लिहून ठेवते आहे.

१२ डिसेंबर

आज दोन कडवी झाली. एक ग्राइप वॉटरवर आणि एक आमोदच्या फर्स्ट शिफ्टवर. आमोद एमआयडीसीत केमिस्ट आहे, पहाटे जातो आणि दुपारी येऊन घोरतो. जेवताना ऐकवलं तर म्हणाला, "आख्ख्या नोकरीतलं तुला घोरणंच सापडलं?" मी म्हटलं, यमक जुळत होतं, माझा इलाज नव्हता.

आई हल्ली रोज तीनच्या सुमारास ईराला माझ्याकडून उचलून घेऊन जातात. "तू तुझा काय ता कर," एवढंच म्हणतात. माझं काय ते म्हणजे काय? त्यांना नात एकटीला हवी असणार, दुसरं काय. असू दे, मला तेवढीच सवड मिळते आणि मी लिहीत बसते.

१७ डिसेंबर

ईराच्या डोसाचा दिवस. सरकारी दवाखान्यात बाकांवर आम्ही सगळ्या आया, प्रत्येकीच्या मांडीवर एकेक गाठोडं. नर्सबाईंनी हाक मारली, "सलोनी कोण? सलोनी!" कुणीच उठेना. तिसऱ्या हाकेला माझ्या शेजारची एकदम दचकून उठली. "अगंबाई, मीच की!"

परत आली तेव्हा स्वतःच हसत होती. म्हणाली, "ताई, सवयच गेली हो. लग्नात ताटातल्या तांदळावर नाव लिहिलं ना, तेव्हापासून मी शर्वरी. आधारकार्डावर तेवढी सलोनी राहिलेय." सासर वरंधचं, माहेर इथलं महाडचं. बाळंतपणाला इथे आलीय. मुलगी दीड महिन्याची आहे, अजून नाव ठेवलेलं नाही, कारण बाळाच्या आत्याला बोईसरहून यायला रजा मिळत नाही.

मग ईराला सुई टोचली आणि तिने छप्पर डोक्यावर घेतलं. तिचं ऐकून सगळीच पोरं लागली. काही सुचेना तेव्हा मी तिथल्या तिथे सुरू केलं :

सुई गं सुई, कसला तुझा धाक,
ईराच्या रागाला लाल झालं नाक!

पोरं काही थांबली नाहीत, पण आया हसायला लागल्या. एकीने आपल्या मुलाचं नाव घालून म्हटलं, दुसरीने सुनावलं, "नाक सोड गो, हिचा सगळा थोबाडच लाल झालाय." नर्सबाई म्हणाल्या, पुढच्या डोसालाही या. निघताना सलोनीने माझा दंड धरला. "ताई, माझ्या बाळाच्या बारशाला पाळणा कराल? आमच्याकडे तोच तोच म्हणतात, फक्त नाव बदलून."

कराल का विचारते! मी रस्ताभर उड्या मारायची बाकी होते.

२१ डिसेंबर

सलोनीच्या माहेरी जाऊन आले. म्हटलं, पाळणा करायचा तर तुझी माहिती हवी. ती म्हणाली, माझी कशाला, यांची विचारा. पण बोलता बोलता कळलं की बाई खो-खो खेळायची, जिल्ह्यापर्यंत. तिचा पाठलाग करणाऱ्या मुली रडकुंडीला यायच्या म्हणे. हे सांगताना ती पलंगावरून उठून चालायला लागली आणि तिची आई ओरडली, "अगो, ओली बाळंतीण ना तू!"

बाळाचं नाव तिने आणि मंगेशने, म्हणजे नवऱ्याने, मिळून ठरवलंय : सई. मला सांगितलं आणि हात हातात घेऊन शपथ घातली. "आत्याने कानात सांगेपर्यंत हे बाहेर फुटता कामा नये, ताई. तो त्यांचा मान आहे. आधी फुटलं तर आमच्याकडे महाभारत होईल." मला मनात हसूच आलं. जे आई-बापांनी आधीच ठरवलंय ते आत्या कानात कुर्र करून सांगणार आणि सगळ्यांनी नवल करायचं! पण शपथ ती शपथ.

घरी येऊन एका दमात लिहिलं. रीतीप्रमाणे बापाचं आणि आजोबांचं नाव सुरुवातीच्या कडव्यात आलंच. मला आवडलीत ती ही शेवटची दोन :

आईच्या पायांना खो-खोचा वेग,
वरंधच्या माथ्याला टेकला मेघ;
मंगेशची लेक गं धावेल फार,
घाट चढून जाईल भोरच्या पार.

नाव तिचं सई गं, नाव तिचं सई,
निजेच्या गावाला जायची घाई.

२८ डिसेंबर

बाजारात पावट्याच्या शेंगा निवडताना यमक सुचलं आणि मी भाजीवालीला मोठ्याने ऐकवलं. तिने शेंगा जास्त घातल्या. घाबरून असेल.

दवाखान्यातल्या आणखी दोघींचे निरोप आलेत, आमच्याही बारशाला करा. आमोद मला कवयित्रीबाई म्हणतो. ईरा आता माझ्या पाळण्यांशिवाय डोळा मिटत नाही. तिला मांडीवर घेऊन मी म्हणते, बदलते, परत म्हणते. लोक म्हणायचे मूल झालं की बाईचं सगळं सुटतं. मला तर मूल झाल्यावर हे सापडलं. मी सुखात आहे. एवढं सरळ वाक्य मी बऱ्याच महिन्यांत लिहिलेलं नाही.

३ जानेवारी २०२६

मेले. संपले.

सकाळी सलोनीचा फोन, रडत. नाव फुटलं. कसं फुटलं? तर आमच्या आईंनी मी ईराला झोपवताना दाराआडून माझा व्हिडिओ काढला. मी पाठमोरी, मांडीवर ईरा, आणि स्वच्छ ऐकू येतंय, नाव तिचं सई गं, नाव तिचं सई. तो त्यांनी भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. त्या मंडळातल्या एकीची बहीण वरंधची. पुढचं सांगायला नको. महाड ते वरंध एसटीला तासभर लागतो, याला काही मिनिटं लागली असतील. वरंधहून बोईसर तर त्याहून लवकर.

व्हिडिओखाली आईंनी लिहिलंय : "आमच्या सुनेने रचला. स्वतः." पुढे गुलाबाची फुलं आणि जोडलेले हात. जखमेवर मीठ.

४ जानेवारी

आत्याबाई, प्रियदर्शिनी त्यांचं नाव, बोईसरहून कडाडल्या आहेत. "गावातल्या कोंबड्यांना नाव माहीत झालं, मग मी काय नुसत्या घुगऱ्या खायला येऊ?" सलोनीच्या सासूने निकाल दिला : सई नाव रद्द. आत्या तिच्या मनाने दुसरं ठेवेल. आणि बाहेरच्या बाईचा पाळणाबिळणा काही नको.

सलोनी फोनवर एवढंच म्हणाली, "ताई, पोटात होती तेव्हापासून मी तिला मनातल्या मनात सई म्हणतेय हो."

मी आईंना जाब विचारला. पहिल्यांदाच त्यांच्याशी आवाज चढवून बोलले. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या. "मला काय ठावं गो, ता पोरीचा खरा नाव हाय म्हणून. मला वाटला यमकासाठी घातलंस. ईराच्या पाळण्यात नाय का, कुत्र्यांचा दरबार घातलास?"

मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

७ जानेवारी

सगळं बंद केलंय. कडवी नाहीत, काही नाही. ईरा दुपारभर जागी असते आणि मी भिंतीकडे बघत थोपटत बसते. आज परत रडू आलं, तेच जुनं, कारण नसलेलं. नाही, आता कारण आहे. माझ्या हौसेपायी एका पोरीचं नाव गेलं.

स्वयंपाकघरातून आईंचा आवाज येत होता. भाकऱ्या थापता थापता माझंच गाणं म्हणत होत्या, तेही चुकीचं. "आईच्या पायांना घाटाचा वेग." मुद्दाम चिडवतायत. आणि तीन वाजता नेहमीसारख्या ईराला न्यायला आल्या. म्हटलं, आज नका नेऊ, मला काही करायचं नाहीये. त्या दारातच बराच वेळ उभ्या होत्या. का, कोण जाणे.

९ जानेवारी

आज मीच बोईसरला फोन लावला. चूक आपली, तर शिव्या आपणच खाव्यात. प्रियदर्शिनीबाईंनी आधी यथेच्छ झापलं. मी हो हो म्हणत राहिले. मग त्यांचा आवाज उतरला.

"अहो, तुम्हाला वाटत असेल, ही बाई कानातल्या एका शब्दासाठी एवढं का करते. घर भावाचं झालं, शेत भावाचं झालं. ते ठीकच आहे, माझी तक्रार नाही. पण त्या घरात माझ्याशिवाय होत नाही असं एकच काम उरलंय. तेही तुम्ही ग्रुपवर टाकलंत."

इतके दिवस मी आत्या म्हणजे नाटकातली दुष्ट बाई समजत होते. त्यांच्या जागी मी असते तर मीही बोईसर दणाणून सोडलं असतं. मी खरोखर मनापासून माफी मागितली, आणि सांगितलं की सई हे नाव आईने फार आधीपासून जपलेलं आहे, तेवढं जमलं तर बघा.

"ते मी बघीन. मला कुणी शिकवायचं नाही," त्या म्हणाल्या. मग फोन ठेवता ठेवता, "रविवारी बारसं आहे. पाळणा म्हणायला या. व्हिडिओ मी पण पाहिलाय. पण नाव घ्यायचं नाही त्यात!"

सलोनीला कळवलं. ती म्हणाली, "नाव जाऊ दे ताई, पण तुम्ही या." आईंना सांगितलं नव्हतं, तर त्या आतून ओरडल्या, "रविवारी मी पण येनार. घाण मी केलीय, तुला एकटीला कशी धाडू?" म्हणजे ऐकतात सगळं.

१२ जानेवारी

कालचं सगळं लिहायचंय आणि ईरा पेन ओढते आहे.

मिनीडोअर रिक्षाने वरंधला गेलो. आई, मी आणि माझ्या मांडीवर ईरा. वाटेत मी पाळण्यातून सईचं नाव काढून तिथे 'बाळ' घातलं. नाव तिचं बाळ गं, नाव तिचं बाळ. इतकं पुचाट कडवं मी जन्मात केलं नव्हतं.

घर बायकांनी भरलेलं. पाळण्याला झेंडूच्या माळा. आत्याबाई हिरव्या साडीत पाळण्याशी उभ्या, चेहरा असा की कुणाची जवळ जायची छाती होईना. सलोनी पाटावर बसलेली, डोक्यावरून पदर, नजर खाली. नाव काय ठेवणार ते आत्याबाईंनी सख्ख्या आईलाही सांगितलं नव्हतं. आधी रीतीप्रमाणे वरवंट्याला कुंची घालून तो पाळण्याखालून इकडून तिकडे दिला. वरवंटा बाळापेक्षा गुणी, हूं की चूं नाही. मग बाळाला घातलं आणि सलोनीच्या सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "म्हणा आता."

पहिलं कडवं नीट गेलं. दुसरं सुरू केलं, आणि 'आईच्या पायांना' म्हणायच्या ऐवजी माझ्या तोंडून आलं, 'सलोनीच्या पायांना खो-खोचा वेग.' मी ठरवलं नव्हतं, शपथ. समोर ती तशी मान खाली घालून बसली होती आणि मला ती धावताना दिसत होती, एवढंच. तिने झटकन मान वर केली. मग मला थांबवेचना. मंगेशची लेक म्हणायचं तिथे सलोनीची लेक म्हटलं. बाळाच्या नावाचं कडवं आलं, तेव्हा ते पुचाट 'बाळ' घशाखालून वर येईना. मी म्हटलं :

बाळाच्या नावाची कुणाला घाई?
सलोनी, सलोनी बाळाची आई!

कोपऱ्यातून सलोनीची चुलत सासू, वयस्कर बाई, म्हणाली, "सलोनी कोन गो?"

"मी," सलोनी म्हणाली. अगदी बारीक आवाजात. मग पदर मागे सरकवून मोठ्याने, "मी, काकी. मीच सलोनी."

मी मनात म्हटलं, आता पुन्हा महाभारत. पण आत्याबाई पाळण्यात वाकल्या. बायका सवयीने त्यांच्या पाठीत बुक्के घालायला धावल्या आणि त्या धबधब्यात आत्याबाईंनी कानात काय ते सांगितलं, कुर्र केलं. उठल्या, पाठ चोळत वहिनीकडे बघितलं. "नाव हाय सई," त्या म्हणाल्या. बोईसरचं शुद्ध बोलणं कुठल्या कुठे गेलं होतं. "तिच्या आयशीनं ठेवलंय. मी सांगितलंय. कुनाला काय बोलायचंय?"

सलोनी हसतही होती आणि रडतही होती. तिच्या सासूबाईंनी तोंड वाकडं केलं खरं, पण लेकीपुढे त्यांचं काय चालणार?

मला वाटलं, संपलं. तर आत्याबाई माझ्याकडे वळल्या. "आता माझं घाला. सासरी मला रेवती म्हणतात. इथे येते तेवढे चार दिवस मी प्रियदर्शिनी असते." मी म्हटलं, एवढं लांब नाव कुठल्या यमकात बसवू? पण बसलं :

आत्याच्या ओठाशी नावाची खूण,
प्रियदर्शिनी आली बोईसरहून!

मग जी झुंबड उडाली! एक म्हणते माझं घे, दुसरी म्हणते माझं आधी. सासरची नावं बाजूला ठेवून जो तो, म्हणजे जी ती, माहेरचं नाव सांगायला लागली, आणि त्याच्याबरोबर काय घालायचं तेही. एक झाडावर चढण्यात पटाईत होती. एकीने शाळेत मास्तरांची नक्कल करून मार खाल्ला होता, तर तिला मारासकट हवं होतं. पडवीतून मंगेश डोकावला, "झालं का? पुरुष मंडळी जेवायची थांबलीयत." आतून सगळ्या एकदम ओरडल्या, "नाय झालं!" घुगऱ्या गार झाल्या. सई आणि ईरा एकाच पाळण्यात आडव्या झाल्या आणि एवढ्या गोंधळात दोघी ढाराढूर.

आमच्या आई मात्र सगळा वेळ खांबाला टेकून बसल्या होत्या. हसत होत्या, टाळ्या देत होत्या, पण पुढे आल्या नाहीत. शेजारणीला सांगताना ऐकलं, "ती माझी सून हाय. माझीच." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो व्हिडिओ, ती गुलाबाची फुलं, मला लिहिता यावं म्हणून ते रोज तीन वाजता ईराला नेणं, सगळं एकदम. मी किती ढ आहे.

परतताना मिनीडोअरमध्ये आम्ही दोघी मागच्या सीटवर. उन्हं कलली होती. मी त्यांचा हात धरून म्हटलं, "आई, मी त्या दिवशी फार बोलले." त्यांनी हात झटकला, तसलं त्यांना चालत नाही. बाहेर बघत राहिल्या. मग बाहेरच बघत म्हणाल्या, "ठकू."

मला काही कळेना.

"माझा नाव. ठकूबाय. वत्सला हितं आल्यावर ठेवलानी. आता ठकू म्हननारा कोन ऱ्हायला नाय."

चार वर्षं मी या बाईंच्या हातचं जेवते आहे. त्यांना विचारायचं मला एकदाही सुचलं नव्हतं. मी विचारलं, "आणि ठकूला काय यायचं?"

त्या एकदम पोरीसारख्या हसल्या. "पवायला! पोलादपूरच्या वर सावित्रीचा डोह हाय. वरच्या खडकावरनं उडी टाकायची मी. पोरगे भ्यायचे, मी नाय."

रस्त्याला खड्डे, ईरा मांडीवर, ड्रायव्हर आरशातून बघतोय. तरी जुळलं :

सावित्रीच्या डोहात मारला सूर,
ठकूबाई निघाली पल्याड दूर!

आईंनी डोळे मिटून घेतले, दोन्ही हात मांडीवरून उचलून थोडे पुढे धरले, उडी टाकायच्या आधी धरतात तसे. मग डोळे न उघडताच म्हणाल्या,

"परत म्हन गो."